‘तेव्हा जमलं, मग आता का नाही?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

‘मी १६ वर्षं परिचारिका आहे. त्यातली ११ वर्षं एकाच वॉर्डात, ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या सेवेत गेली. कोविडची साथ आली आणि आमचा वॉर्ड एका रात्रीत विलगीकरण कक्ष झाला. आमची टीम चार ठिकाणी पांगली. मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर आयसीयूत पाठवलं. सकाळचं परिपत्रक संध्याकाळी बदलायचं. आम्हाला कुणी विचारलं नाही, पण सगळं केलं. एक मात्र खरं, त्या दिवसांत आयसीयूतले डॉक्टर आमचं ऐकायचे. साथ ओसरल्यावर वॉर्ड परत मिळाला, जुनी माणसं मिळाली नाहीत. आता व्यवस्थापनानं ठरवलंय की कुठलीच परिचारिका एका वॉर्डाची नाही. ज्या दिवशी जिथे माणूस कमी, तिथे ड्युटी. याही वेळी आम्हाला कुणी विचारलं नाही. कुरकुर केली तर उत्तर आलं, “कोविडमध्ये जमलं, मग आता का नाही?” त्यावर आम्ही सगळ्या गप्प. वर मेट्रननी मला बोलावून सांगितलं, ही नवी पद्धत बसवून देण्याची जबाबदारी तू घे, तेव्हा तूच सगळ्यांना सांभाळलं होतंस. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. हो म्हटलं तर मैत्रिणी म्हणतील, गेली पलीकडे. नाही म्हटलं तर मी बदल नको असलेली जुनी सिस्टर. खरं सांगते, बदल हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. त्या काळातल्या एका रात्रीचा व्हेंटिलेटरचा अलार्म अजून कानात वाजतो. मी कमकुवत झाले आहे का? राजीनामा देऊन मोकळं व्हावं असं रोज वाटतं.’

सिस्टर,

पत्राखाली तुमचं नाव आहे, पण ते इथे छापायचं नाही, म्हणून ‘सिस्टर’च म्हणते. या सदराकडे वळण्याआधी १९ वर्षं मीही हीच हाक ऐकली आहे. झोपेतसुद्धा तिला ओ दिली आहे.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी कागद घेऊन बसले आणि साथीच्या पहिल्या महिन्यात तुमचं काय काय बदललं असेल ते लिहीत गेले. वॉर्ड. बरोबरची माणसं. रुग्णांचा आजार. हाताळायची यंत्रं. अंगावरचा पोशाख, जो एकदा चढवला की तहान लागली तरी पाणी नाही. ड्युटीच्या वेळा. नातेवाइकांशी बोलायची रीत, म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहून धीर देण्याऐवजी रुग्णाच्या कानाशी फोन धरून उभं राहणं. घरी गेल्यावर घरच्यांपासून लांब झोपणं. हे आठ झाले. तुम्हाला विचारलं तर आणखी चार निघतील. महिन्याभरात एवढं अंगावर घेतलेल्या बाईला ‘हिला बदल झेपत नाही’ म्हणायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

मग पोटात गोळा कशानं येतो? त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात दोनदा आलं आहे: ‘कुणी विचारलं नाही.’ एकदा कोविडचं सांगताना आणि एकदा आत्ताचं सांगताना. पहिल्या वेळी न विचारण्याला कारण होतं. दारात रुग्णवाहिकांची रांग लागलेली असताना कुणी मतं गोळा करत बसत नाही, आणि तेव्हा कुणी विचारत बसलं असतं तर तुम्हीच चिडला असता. या वेळी दारात रांग नाही. तरी रीत तीच: फलकावर कागद लागला, खाली सही, उद्यापासून लागू. तुम्ही नव्या पद्धतीला घाबरलेल्या नाही आहात. तुम्ही तो कागद ओळखलात.

आता त्या वाक्याकडे येते, ज्यावर तुम्ही सगळ्या गप्प झालात. ‘तेव्हा जमलं, मग आता का नाही?’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की उत्तर जरा सविस्तर लिहिते. इतरांनाही उपयोगी पडेल.

जमणं वेगळं आणि निभावणं वेगळं. हा फरक मराठीला नीट कळतो, व्यवस्थापनाच्या तक्त्यांना कळत नाही. तेव्हा निभावलं. आणि निभावताना बाजूला काय काय बंद ठेवलं होतं? तातडीची नसलेली ऑपरेशनं जगभर पुढे ढकलली होती. भेटायला येणाऱ्यांना दार बंद होतं. रजा बंद होत्या. कित्येक ठिकाणी नोंदींचे कागद कमी केले होते. आणि जे कुणी बंद केलं नव्हतं पण आपोआप राहून जायचं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: तोंडाची स्वच्छता, वेळेवर कूस बदलणं, घाबरलेल्या माणसाशेजारी पाच मिनिटं नुसतं बसणं. हे राहिलं म्हणून तक्रार कुणी केली नाही, कारण सगळ्यांना परिस्थिती दिसत होती. पण ते राहिलं होतं.

आपत्तीच्या वैद्यकात याचा विचार आधीच झाला आहे. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं संकटकाळात रुग्णसेवेचे निकष कसे ठरवावेत यावर अहवाल दिला. या विचारात रुग्णालयाच्या कामाच्या तीन पायऱ्या धरतात: नेहमीची, ताणलेली आणि संकटाची. २०२० मध्ये मास्क कमी पडले तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं मास्क पुरवून कसे वापरायचे याच्या सूचना याच तीन पायऱ्या लावून दिल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर उतरताना एक गोष्ट उघड कबूल केलेली असते की इथे नेहमीच्या दर्जाची सेवा देता येणार नाही. आणि दुसरी गोष्ट तिच्यातच गृहीत असते की संधी मिळताच परत वर चढायचं. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या सिस्टरला दोन दिवसांत आयसीयूत उभं करणं ही तिसरी पायरी होती. ‘तेव्हा जमलं’ म्हणणारा माणूस, बहुधा नकळत, ती पायरी म्हणजेच आपला मजला आहे असं सांगतो आहे.

त्या माणसाला उत्तर देताना आवाज चढवायची गरज नाही. ‘सर, तेव्हा आम्ही निभावलं. निभावण्यासाठी काय काय बंद ठेवलं होतं त्याची यादी देऊ का? त्यातलं आज काय बंद ठेवायची तयारी आहे?’ एवढंच विचारायचं आणि थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. आपल्याला गप्प बसायची सवय आहे, पण प्रश्न विचारून मग गप्प बसायची नाही.

‘कुठलीही परिचारिका कुठेही’ या कल्पनेमागे आणखी एक समजूत आहे: डोकी मोजली की काम मोजलं. डोकी मोजायला माझा विरोध नाही. २००२ मध्ये परिचर्येच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या मनाची राख होण्याची (बर्नआउटची) शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तेव्हा डोकी कमी असणं धोक्याचंच, आणि जिथे माणूस कमी तिथे माणूस पाठवावा असं कुणाला वाटलं तर त्यात दुष्टपणा नाही. पण डोक्यात काय आहे, हाही हिशेब असतो.

माझ्या नोकरीच्या मध्यावर आमचे दोन वॉर्ड एकत्र केले होते. कारण काय दिलं होतं ते आता आठवतही नाही. मी तेव्हा दहा वर्षांची अनुभवी, वॉर्डात जरा दबदबाही होता. पहिल्या आठवड्यात एका रुग्णाच्या घशातला कफ ओढून काढायला सक्शन लागलं आणि मी कपाटासमोर उभी. तिसऱ्या खणात हात घातला, तिथे बँडेज. दुसऱ्यात, तिथे फॉर्म. सगळी मिळून मिनिटभराची गोष्ट असेल. शेवटी नव्यानं लागलेल्या मुलीनं मागून सक्शनची नळी काढून हातात दिली. रुग्णाला काही झालं नाही. मला झालं. त्या मिनिटात मी दहा वर्षांची राहिले नव्हते, पहिल्या दिवसाची झाले होते. घरी कुणाला सांगितलंही नाही; कपाटाचं काय सांगायचं?

पुढे परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांचं काम वाचनात आलं. परिचारिका नवशिकीपासून निष्णात होईपर्यंत पाच टप्प्यांतून जाते, असं त्यांनी १९८४ मध्ये मांडलं. त्यातली मला धीर देणारी गोष्ट अशी की हे टप्पे माणसाला कायमचे चिकटलेले नसतात. अनोळखी रुग्णांमध्ये, अनोळखी कामात टाकलं की निष्णात परिचारिकाही नवशिक्यासारखी नियम आठवत, यादी बघत काम करू लागते. ती बिघडलेली नसते. तिच्या पायाखालची जमीन बदललेली असते. ऑपरेशनच्या रुग्णाचा चेहरा दारातून बघून ‘याचं आतून काहीतरी बिनसलंय’ हे ओळखणारी तुमची नजर ११ वर्षांत घडली. ती नजर आयसीयूत चालली नाही, यात नवल नाही. रोज वेगळ्या वॉर्डात ती कुणाचीच घडणार नाही, ही खरी काळजी आहे, आणि ती तुमच्यापेक्षा नुकत्या लागलेल्या मुलींबद्दल जास्त आहे. तुम्ही निदान एकदा निष्णात झाला आहात. त्यांना ती संधीच मिळणार नसेल तर? मेट्रनशी बोलताना हा मुद्दा पुढे करा. तो तुमच्या सोयीचा मुद्दा नसल्यामुळे ऐकला जाण्याची शक्यता जास्त.

त्या अलार्मबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, त्यामुळे मीही फार खोदत नाही. पण एवढं दिसतं की त्या रात्री काहीतरी करायला हवं होतं, ते तुम्हाला येत नव्हतं, आणि विचारायला शेजारी कुणी मोकळं नव्हतं. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञानं १९८४ मध्ये परिचारिकांच्या एका विशिष्ट यातनेला नाव दिलं, आपण तिला नैतिक क्लेश म्हणू: काय करणं योग्य ते माणसाला कळतं, पण संस्थेची रचना ते जवळजवळ अशक्य करून ठेवते. तुमच्या बाबतीत ‘या रुग्णाजवळ आयसीयूचं काम येणारी सिस्टर हवी’ हे तुम्हाला कळत होतं. तशी सिस्टर तिथे आणून ठेवणं तुमच्या हातात नव्हतं. मग वर्षानुवर्षं आपण त्या रात्रीचा जाब स्वतःला विचारतो, कारण दुसरं कुणी समोर नसतं. चूक झाली नाही असं मी म्हणू शकत नाही, मी तिथे नव्हते. पण दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरवणाऱ्यांचीही आहे, एवढं तरी वाटून घ्या.

आणि हा अलार्म झोप मोडत असेल, तशा आवाजानं छाती धडधडत असेल, त्या खोलीसमोरून जायचं टाळत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाही. २००३ मधल्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर टोरांटोमध्ये, ज्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण सांभाळले तिथल्या कर्मचाऱ्यांची एक ते दोन वर्षांनी पाहणी झाली. सार्सचे रुग्ण न आलेल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांपेक्षा त्यांच्यात थकवा आणि मानसिक त्रास जास्त आढळला. साथ संपली होती, यांची संपली नव्हती. त्याच पाहणीत आणखी एक दिसलं: ज्यांना आपलं प्रशिक्षण आणि मिळालेला आधार पुरेसा वाटला होता, त्यांना त्रास कमी होता. म्हणजे कोण किती कणखर यापेक्षा कुणाला काय दिलं गेलं, याचाही यात हात असतो.

इथपर्यंत तुम्हाला सगळं गोड लागलं असेल. आता थोडं कडू.

‘वरच्यांना काही पडलेलं नव्हतं’ असं तुम्ही शब्दांत लिहिलेलं नाही, पण पत्रभर ते आहे. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं सांगणाऱ्या त्या परिपत्रकांचे दोन प्रकार होते, हे जरा आठवून बघा. काही बदलली कारण माहिती बदलली. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसांनी सरसकट मास्क लावावा असं म्हणत नव्हती. ५ जून २०२० ला तिनंच गर्दीच्या ठिकाणी कापडी मास्कचा सल्ला दिला. जगाला कळत गेलं तसं बदलत गेलं. त्यात तुमच्या मेट्रनचा काय दोष? दुसरा प्रकार मात्र वेगळा. सामान संपलं म्हणून नियम सैल झाला, पण कागदावर लिहिलं ‘सुधारित मार्गदर्शक सूचना’. काल घातक असलेली गोष्ट आज अचानक चालण्याजोगी झाली, आणि ‘संपलंय, म्हणून असं करतोय’ हे कुणी तोंडानं म्हणालं नाही. विश्वास तुटला तो या दुसऱ्या प्रकारानं. पण तुटताना तो दोन्हींवरचा तुटला, आणि तेव्हापासून प्रत्येक कागदामागे काहीतरी लपवलेलं असणार असंच वाटतं. यातलं आत्ताचं परिपत्रक कुठल्या प्रकारातलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? माणसं सोडून जात आहेत आणि भरती होत नाही, हे त्याचं खरं कारण असेल तर ‘लवचीक मनुष्यबळ’ हा शब्द बाजूला ठेवून तेच बोललं पाहिजे. मेट्रनना सरळ विचारा. कदाचित त्यांनाही ते कुणीतरी विचारायला हवं असेल. वरून येणारा कागद आणि खालून येणारी कुरकुर यांच्यामध्ये उभं राहायचं काम त्यांचं, आणि ते किती एकटं काम असतं याची चव तुम्हाला पंधरा दिवसांत लागणारच आहे.

दुसरं कडू. सगळे बदल तुमच्यावर लादले गेले हेही पूर्ण खरं नाही. डॉक्टर तेव्हा तुमचं ऐकायचे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला पत्रातलं तेच वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पोशाखात कोण कुठलं कळेना म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहायला लागलं. काचेवर लिहून पलीकडच्याला निरोप दिला. दर वेळी पूर्ण पोशाख चढवून आत जावं लागू नये म्हणून लांब नळ्या जोडून शिरेतून औषध सोडणारे इन्फ्युजन पंप खोलीबाहेर आणले. रुग्णाला पोटावर पालथं झोपवण्याचा फायदा २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाला होता, पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाला १६ तास पालथं ठेवायचं तर श्वासाची नळी न हलू देता त्याला वळवणारे पाच-सहा जण लागतात. ठिकठिकाणी त्यासाठी खास पथकं उभी राहिली. यातल्या कितीतरी गोष्टी बैठकीच्या खोलीत ठरल्या नाहीत. त्या खाटेशेजारी सुचल्या, पुढच्या पाळीला ओव्हर देताना, म्हणजे काम सोपवताना, सांगितल्या गेल्या आणि आठवड्यात रूढ झाल्या. तुमच्या रुग्णालयातही असं काहीतरी झालं असणार, आणि त्यातलं एखादं तुम्ही स्वतः केलेलं असणार. तेव्हा कुणाच्या पोटात गोळा आला नाही.

म्हणून ‘हो म्हणू की नाही’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. मेट्रननी तुम्हाला तयार पद्धत बसवून द्यायला सांगितलंय, ही तुमची समजूत. तसंच असेलही. पण त्यांनी तुम्हालाच का निवडलं? कागदावरची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही हे त्यांना कळत असेल, आणि ते सांगू शकणारं कुणीतरी हवं असेल, ही शक्यता निदान तपासून तरी बघा.

माझा कल सांगते: अटींवर हो म्हणा. अटी लेखी द्या, पानभराच्या आत. काय मागायचं ते तुमचं तुम्हाला जास्त कळेल, पण मी असते तर रुग्णालयभर फिरवण्याऐवजी एकमेकांना जवळच्या तीन-चार वॉर्डांचे गट मागितले असते. शस्त्रक्रियेची सिस्टर शस्त्रक्रियेच्याच दुसऱ्या वॉर्डात गेली तर तिची नजर बरोबर जाते, कपाट तेवढं नवं असतं. (आणि हो, गटातल्या सगळ्या वॉर्डांची कपाटं एकसारखी लावून घेतली असती. हसू नका.) नव्या ठिकाणी स्वतंत्र रुग्ण देण्याआधी तिथल्या सिस्टरबरोबर काही ड्युट्या, आणि त्या ड्युट्यांत तिला डोकं म्हणून मोजायचं नाही. ही अट सगळ्यांत आधी मोडली जाते, म्हणून आकड्यासकट लिहून घ्या. पहिल्या वेळी बाहेरून आलेल्या सिस्टरला सगळ्यांत अवघड रुग्ण द्यायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण पाहुणीला कुणाला नको असलेली खाट देण्याची आपल्याकडची वाईट खोड आहे आणि ती आपली आहे, व्यवस्थापनाची नाही.

एक अट अशी आहे की तिच्यासाठी मी अडून बसले असते. ‘हे काम मला येत नाही’ असं म्हणणाऱ्या सिस्टरला मेमो मिळणार नाही, आणि ते वाक्य नोंदवलं जाईल. संस्थांमधल्या कामकाजाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता, १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका कमी दिसतील असा अंदाज होता. नोंदी मात्र तिथेच जास्त निघाल्या. तिथे माणसं चुका सांगायला घाबरत नव्हती, हे त्याचं कारण असावं असं त्यांना दिसलं. रोज जमीन बदलणार असेल तर ‘मला येत नाही’ हे वाक्य निर्धास्तपणे बोलता यायलाच हवं. तुमच्या त्या रात्री ते बोलता आलं असतं तर?

आणि शेवटाची तारीख. तीन महिन्यांनी बसून बघायचं, आणि काय दिसलं तर पद्धत मागे घ्यायची हे आत्ताच ठरवायचं. परतीची वाट न आखता तिसऱ्या पायरीवर उतरायचं नाही, हे एवढ्यासाठीच वर लिहिलं.

यासाठी आकडे लागतील. आजपासून एक छोटी वही ठेवा. रुग्णाचं नाव नाही, खाट क्रमांक नाही, कुणा सिस्टरचंही नाव नाही. बाहेरून आलेल्या सिस्टरला सामान कुठे आहे हे किती वेळा विचारावं लागलं, किती औषधं ठरलेल्या वेळेनंतर गेली, किती वेळा कूस बदलायची राहिली, किती जणींना जेवायला सुट्टी मिळाली नाही. दहा दिवस पुरेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले हे तिनं १८५८ मध्ये आकडे मोजून, रंगीत आकृती काढून सरकारपुढे ठेवलं, ते कमी आठवतं. तिच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष जाहीर केलं होतं. वर्ष कसं गेलं ते आपण पाहिलंच.

मैत्रिणींचं. त्यांना निर्णय कळायच्या आधी विचारा. दोनच प्रश्न: कोविडच्या वेळचं काय परत कधीच नको, आणि तेव्हाचं काय आज हवं आहे? दुसऱ्या प्रश्नावर आधी शांतता पसरेल, मग बोलतील. पाळी सुरू होताना सगळ्यांनी पाच मिनिटं उभ्या उभ्या बोलणं, राउंडमध्ये सिस्टरचं मत आधी घेणं, असलं काहीतरी निघेल. ते तुमच्या कागदावर त्यांच्या शब्दांत येऊ द्या. मग पलीकडे गेली असं म्हणणं त्यांना जड जाईल. तरी एखादी म्हणेलच. म्हणू दे.

अटी मान्य झाल्या नाहीत तर ‘नाही’ म्हणा, आणि तोच कागद कारण म्हणून मागे ठेवा. ते नाही बदलाला नसेल, आणि कुणालाही ते वाचून तपासता येईल.

राजीनामा हा पर्याय मी खोडणार नाही. शुश्रूषा हा पेशा आहे, नवस नाही. सोडणारीला पळपुटी म्हणायचा अधिकार कुणाला नाही. फक्त तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधू नका: हे काम नाकारणं, हे रुग्णालय सोडणं आणि पेशा सोडणं. तुमच्या पत्रात अकरा वर्षांच्या वॉर्डाबद्दल ज्या मायेनं लिहिलंय, त्यावरून तिसरी गोष्ट तुम्हाला हवी आहे असं मला वाटत नाही. पहिल्या दोन्हींचा विचार समुपदेशकांच्या दोन-तीन भेटी झाल्यावर करा. पंधरा दिवस कमी वाटत असतील तर आणखी पंधरा मागा. साथ चालू नाही, मिळतील.

आणि मेट्रनकडे जायचा दिवस नीट निवडा. नाइट संपवून, ओव्हर देऊन, तशाच वर जाऊ नका. साप्ताहिक सुट्टीनंतरची सकाळ बघा. वही आणि कागद हातात असू द्या, आणि खुर्ची दिली तर बसा. आपण सगळ्या उभ्यानेच बोलून येतो.